कोपरा फाडायचा नाही

"कोपरा तेवढा तुम्हीच फाडा बाई. आमच्या हातानं नको."

हेडमास्तर असं म्हणाले आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा त्यांनी माझ्या वर्गाच्या उंबऱ्यावर टाकला. हातात दिला नाही. टाकला. काही कार्डं घसरून धुळीत गेली. सगळा चौथीचा वर्ग बघत होता. मी फळ्यावर 'एकदा काय झालं' एवढंच लिहिलं होतं. पोरांना गोष्ट लिहायला शिकवत होते. पुढचं वाक्य त्यांनी सांगायचं होतं आणि वर्गभर हात वर झाले होते. ते सगळे हात खाली आले.

गावच्या पाटलांची आई त्या दिवशी पहाटे गेली होती. पाहुण्यांना कळवायचं होतं. मयताचं कार्ड कसं असतं ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वर 'श्री' लिहायचं नाही. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' अशी सुरुवात करायची. लिहून झालं की कार्डाचा एक कोपरा फाडायचा. ज्याला मिळतं त्याला फाटका कोपरा बघूनच कळतं. तो ते कार्ड घरात नेत नाही. दाराबाहेर वाचतो आणि तिथंच फाडून टाकतो. असलं कार्ड लिहिणंही अशुभ. लिहिणाऱ्याच्या घरावर सावट येतं म्हणे. शाळेत माझ्याशिवाय आणखी मास्तर होते, सगळ्यांची अक्षरं वळणदार होती. पण सावट माझ्यावर आलेलं चालत होतं.

मी म्हटलं, "गुरुजी, माझा तास चालू आहे."

ते हसले. ते हसणं मी विसरलेले नाही. म्हणाले, "तुमच्या वडिलांचं कामच होतं की हे. ते पायानं न्यायचे, तुम्ही हातानं न्या. बसल्या जागी. शिकल्याचा एवढा तरी उपयोग."

गावची पोरं खिदळली. आमच्या बौद्धवस्तीतली पोरं मागं भिंतीला टेकून बसलेली असायची, ती हसली नाहीत. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. बाई आता काय करतात ते बघत होती.

बाईंनी खाली बसून कार्डं गोळा केली. पदरानं पुसली. नेमणूक हंगामी होती, वर्षाअखेर हेडमास्तरांनी शेरा लिहायचा आणि मग कायम व्हायचं. घरात दुसरं कमावतं कोणी नव्हतं. मी टेबलाशी बसले आणि लिहायला लागले. मी त्या म्हातारीला कधी पाहिलं नव्हतं. जिवंत असती तर तिनं मला दारात उभं केलं नसतं. आणि तिच्या जाण्याचं अत्यंत दुःख मी कार्डामागून कार्डावर लिहीत बसले. तास संपला, मधली सुट्टी झाली, पोरं घरी गेली, तरी मी लिहीत होते. मग एकेक कोपरा फाडला. फाडलेले तुकडे हेडमास्तरांनी मला ओढ्यात नेऊन टाकायला लावले.

माझा बाप जन्मभर सांगावे घेऊन हिंडला. आमचं गाव वारणेच्या काठी. गावात कोणी मेलं की बापाला हाक यायची. ताटावर बसलेला असला तरी उठायचं. अंगात ताप असो, नदीला पाणी असो, जायचं. पाहुण्यांच्या गावात पोचायचं, दारापासून लांब उभं राहायचं आणि ओरडून सांगायचं. आतल्या बाया हंबरडा फोडायच्या आणि पहिली शिवी माझ्या बापाला द्यायच्या. जसं काय यानंच माणूस मारलं. पाणी कोणी विचारायचं नाही. ओंजळभर जोंधळे वरून त्याच्या धोतराच्या सोग्यात टाकायचे, की झालं.

छप्पन साली आम्ही धम्म घेतला आणि बापानं सांगाव्याची काठी खाली ठेवली. गावचा माणूस बोलवायला आला तेव्हा बाप दारातच म्हणाला, "आजपास्नं न्हाई. मढं तुमचं, सांगावा बी तुमीच न्या." त्या साली आम्हाला गावात कोणी रोजगार दिला नाही. दुकानदार मीठ देईना. आईनं रानातला पाला शिजवून आम्हाला घातला. बाप वाकला नाही. पुढं मी सातवी पास होऊन साताऱ्याला ट्रेनिंगला निघाले, तेव्हा तो एस्टीपर्यंत माझी पेटी घेऊन आला. गाडी सुटताना म्हणाला, "आमी दुसऱ्याचं तोंडानं सांगत फिरलो. तू सोताचं लिव."

असं म्हणाला होता तो. आणि त्याच्या लेकीनं नोकरी लागल्याबरोबर काय लिहिलं? तर पाटलाच्या आईचं मरण. मला स्वतःचा राग आला नाही. राग आला तो त्या हसण्याचा. आमच्या बापांनी उपाशी राहून जे काम सोडलं, ते या लोकांनी टाक आणि दौत देऊन पुन्हा आमच्याच हातात ठेवलं होतं.

शिराळ्याकडची ती शाळा. कौलारू, पुढं लांब वऱ्हांडा. दर शनिवारी निबंधाचा तास असायचा आणि तो हेडमास्तर स्वतः घ्यायचे. फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढायचे. एका बाजूला गावच्या पोरांसाठी विषय: 'आमच्या गावचा बेंदूर', 'शिराळ्याची नागपंचमी', 'माझी आई', 'मी ढग झालो तर'. दुसऱ्या बाजूला वस्तीतल्या पोरांसाठी: 'पुस्तके मिळण्याबाबत विनंती अर्ज'. पुढच्या शनिवारी रजेचा अर्ज. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा पुस्तकांचा.

मी नवीन होते. मला वाटलं, विचारावं. विचारलं.

"बाई, तुम्ही देव सोडलेत ना?" ते म्हणाले. "मग सणावर ही पोरं काय लिहिणार? अर्ज लिहू देत. जन्मभर तोच लागणार आहे."

बरं, सणाचं राहू दे. आई तर आम्हालाही होती. तिच्यावर लिहायला कुठला देव लागतो? आणि ढग? ढग काय गावकीचा होता? हे मी तेव्हा बोलले नाही. खोलीवर येऊन भांड्यांची आदळआपट केली.

खोली म्हणजे वस्तीतलीच एक. गावात मला भाड्यानं जागा कोणी दिली नाही. मास्तरीण चालते, पोरांना शिकवलेलं चालतं, पण न्हाणीत पाणी ओतलेलं चालत नाही. म्हणून मी वस्तीत राहायची. एका अर्थी बरंच झालं. शेजारच्याच घरात हौसा होती.

हौसा चौथीत होती. सावळी, काटकुळी, केसांना तेल नाही, पण तोंड असं चालायचं की ऐकत राहावं. सोमवार ते शुक्रवार वर्ग माझा असायचा, आणि तेव्हा मी फळ्यावर रेघ ओढायची नाही. सगळ्यांना सगळं. एकदा मी वर्गात कांदा नेला. म्हटलं, याचं वर्णन करा, पण 'गोल' आणि 'लाल' म्हणायचं नाही. पोरांनी तो हुंगला, सोलला, एकानं चावलासुद्धा. हौसा म्हणाली, "बाई, ह्यो आपल्याला रडिवतो, पर सोता रडत न्हाई." मी तेच फळ्यावर लिहिलं. संवाद शिकवायचा तर एक पोरगा एस्टीचा कंडक्टर व्हायचा आणि हौसा कोंबडी घेऊन चढलेली म्हातारी. कोंबडीचं तिकीट काढायचं की नाही यावर दोघांची जुंपायची. वर्ग हसून लोळायचा, आणि मग म्हणायची मी, आता हेच भांडण कागदावर आणा. कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दात. कविता हवी तर आईला विचारा, दळताना काय म्हणतेस, आणि ते घेऊन या. गावची पोरंही आणायची. पाटलाचा नातू माझ्या वर्गात होता, त्यानंही आजीची एक ओवी आणली होती.

पण पत्र मला शिकवता आलं नाही. पत्र आणि अर्ज हे हेडमास्तरांनी आपल्याकडं ठेवलेले. आणि मी ती पहिली कार्डं लिहिल्यापासून त्यांना नवीन वाट सापडली. म्हणाले, "एकट्या बाईंना कशाला त्रास? पोरांनाही येऊ दे." मग शनिवारी गावची पोरं आत निबंध लिहायची आणि वस्तीची पोरं बाहेर वऱ्हांड्यात मयताचं कार्ड गिरवायची. आधी पाटीवर. हात बसला की खरीच कार्डं. गावात कोणी गेलं की त्या घरचा माणूस कार्डं आणून वऱ्हांड्याच्या कडेला ठेवायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. नऊ-दहा वर्षांची आमची लेकरं मांडी घालून लिहायची. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की.' हौसाचं अक्षर सगळ्यांत चांगलं. म्हणून तिला सगळ्यांत जास्त.

मी एकदा अडवलं. "गुरुजी, ही काही शिकवण्याची रीत झाली? पत्र म्हणजे समोर नसलेल्या माणसाशी बोलणं. एकदा तरी पोरांना आपल्या माणसाला लिहू द्या."

"यांची माणसं कुठं वाचणार आहेत?" ते म्हणाले. "आणि तुमचा शेरा मला लिहायचाय बाई, हे ध्यानात असू द्या."

ध्यानात होतं. चोवीस तास तेच ध्यानात होतं. हे लोक असंच धरतात माणसाला. हातात लेखणी देतात आणि मनगट सोडत नाहीत.

त्या पावसाळ्याच्या शेवटी हौसाच्या आईला मुलगा झाला. दोन पोरी गेलेल्या, मग हौसा, आणि आता इतक्या वर्षांनी हा. वस्तीत साखर वाटली. हौसा नाचत होती नुसती. तिचा एकुलता एक मामा मिलिटरीत होता, चीनच्या लढाईनंतर भरती झालेला, वर कुठंतरी बर्फात. बहिणीवर त्याचा जीव. हौसानं कोणाला न सांगता, मलासुद्धा न सांगता, मामाला कार्ड लिहिलं. पत्ता मामानं जाताना लिहून दिलेला होता. कार्ड पेटीत टाकलं आणि गप्प बसली. मामा एकदम आला की सगळ्यांना गंमत वाटेल, असं तिच्या मनात.

मामा आला.

सकाळची वेळ. मी भाकरी करत होते. वस्तीच्या टोकाकडून रडणं ऐकू आलं. पुरुषाचं रडणं. बाहेर येऊन बघते तर अंगावर खाकी, खांद्यावर ट्रंक, आणि हा गडी लहान पोरासारखा मोठ्यानं रडत येतोय. "आक्का! आक्का गं! मला न भेटता गेलीस की गं!" बाया कामं टाकून धावल्या. हौसाची आई डोक्याला फडकं बांधलेलं, बाळ छातीशी धरलेलं, अशी दारात आली. भावाला रडताना बघून तिनंही गळा काढला. तिला वाटलं, माहेरात कोणी गेलं. "आरं कोण गेलं? आबा गेलं का रं?"

मामानं वर बघितलं. ट्रंक खाली पडली.

"तू हाईस?"

"मी कुठं जाती? आरं कोण गेलं ते सांग की!"

तो तिथंच मातीत बसला. दोघं बहीणभाऊ एकमेकांकडं बघत रडत होते. कोण मेलं ते कोणालाच माहीत नव्हतं. कोणी मेलंच नव्हतं.

मग त्यानं खिशातून कार्ड काढलं. घामानं मऊ झालेलं. एक कोपरा नाही. कार्ड माझ्या हातात आलं. वर 'श्री' नव्हतं. सुंदर अक्षरात, एकही चूक नसलेलं, असं लिहिलं होतं: 'आपणांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे घरी पहाटे मुलगा झाला. तरी आपण त्वरित निघून येणे. कळावे. आपली दुःखी, हौसा.'



मामा सांगत होता, "आमचा सुभेदार मराठी. त्यानं कोपरा बघितला आन वाचायच्या आदीच रजा दिली. मी वाचलं. पोरगा झाला म्हंती, आन दुःख म्हंती. मला वाटलं, बाळातपनात आक्का गेली. आईचं नाव लिवायला पोरीचा हात रेटला नसंल. गाडीत घोटभर पानी गेलं न्हाई माज्या घशाखाली." मिरजेला उतरून त्यानं बहिणीसाठी पांढरं कापड घेतलं होतं. ट्रंकेत सगळ्यांत वर तेच होतं. पुढं हौसाच्या आईनं ते फाडून बाळाची दुपटी केली. दुसरं काय करायचं त्याचं?

मामानं हौसावर हात उगारला. ती हलली नाही. तिला खरंच कळत नव्हतं की तिचं काय चुकलं.

"मामा, पत्र आसंच आसतंय," ती म्हणाली. "गुरुजींनी शिकवलंय. मी लय लिवल्यात."

उगारलेला हात तसाच राहिला. मग खाली आला. मामा माझ्याकडं वळला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "बाई, तुमी हाय न्हवं त्या साळंत?"

 आजही तो प्रश्न मला त्याच्याच आवाजात ऐकू येतो. जायच्या दिवशी तो पुन्हा माझ्या दाराशी आला. म्हणाला, "पोरीला लिवायला शिकवा बाई. पर त्यांचं मरान नगं."

तोवर गावभर झालं होतं. गावाला हसायला कारणच पाहिजे होतं. पारावर, गिरणीत, दुकानात तोच विषय. म्हारवड्यात पोरगं झालं आणि मामा मयताला आला. शाळेत हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर सगळ्या वर्गांसमोर हौसाला पुढं बोलावलं.

"काय गं, भाऊ जन्मला त्याचं दुःख झालं का तुला?"

शाळा हसली. हेडमास्तर स्वतः पोट धरून हसले. हौसा उभी. ती रडली नाही. सरळ त्यांच्याकडं बघून म्हणाली, "गुरुजी, तुमी दुसरं पत्र शिकिवलंच न्हाई."

हसणं थांबलं. त्यांनी छडी उचलली. "तुम्हाला पत्र शिकवलं ते तेवढ्याच कामापुरतं," ते म्हणाले. "त्याच्यापलीकडं शहाणपणा करायला सांगितला होता कोणी? हात पुढं कर."

तिनं हात पुढं केला. तोच हात. गावातल्या निम्म्या घरांची मरणं ज्यानं लिहिली होती तो. छडी बसली.

माझ्या आत काहीतरी तुटलं, असं लोक लिहितात. माझं काही तुटलं नाही. उलट जुळलं. बापाच्या धोतरातले वरून टाकलेले जोंधळे, उंबऱ्यावर टाकलेली कार्डं, फळ्यावरची रेघ, मिरजेचं पांढरं कापड आणि ही छडी. सगळं एकच होतं. यांना आमच्याकडून अक्षर हवं होतं, पण आमचं म्हणणं नको होतं. आम्ही मागावं आणि यांच्या मढ्यांवर रडावं, एवढंच आम्हाला लिहिता यायला हवं होतं. आनंदाचं पत्र कसं असतं ते आमच्या पोरीला ठाऊक नव्हतं, आणि ते तिला ठाऊक नसावं म्हणून पगार घेणारा माणूस तिथं उभा राहून हसत होता.

मी पुढं झाले. हौसाचा हात धरला आणि तिला वर्गात घेऊन आले. वर्गात नेहमीची जागा मागं भिंतीला. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं. मग मागच्या सगळ्यांना म्हटलं, या पुढं. सरका रे जरा, जागा करा. पोरं सरकली. पोरांना सरकायला काही वाटत नाही. मी फळ्यावर लिहिलं, 'एकदा काय झालं'. ज्या दिवशी हात खाली आले होते, तिथपासून पुन्हा.

त्याच आठवड्यात पाटलांचा चुलता गेला. या वेळी पाटील स्वतः शाळेत आले. फेटा, हातात काठी, मागं कार्डं घेतलेला गडी. दारातूनच म्हणाले, "बाई, येवढी कार्डं लिवून द्या. टपाल दुपारी निगतंय."

हेडमास्तर त्यांच्यामागं येऊन उभे होते.

मी खडू खाली ठेवला नाही. "मी लिहिणार नाही," म्हटलं.

पाटलांना वाटलं, मला वेळ नाही. "बरं, मग पोरास्नी द्या."

"पोरं आज गोष्ट लिहितायत."

"गोष्ट?" पाटील म्हणाले. "आवं, हितं मानूस मेलंय आन गोष्ट काय?"

"माणूस तुमचं गेलं पाटील. वाईट झालं. पण दुःख तुमचं तर अक्षर आमचं का? तुमच्या घरात लिहिणारे आहेत. तुमचा नातू इथंच बसलाय, त्याचं अक्षर चांगलं आहे. मी शिकवलंय त्याला. त्याच्याकडून लिहून घ्या."

"त्याच्या हातनं आसलं लिवायचं?" पाटील ओरडले. "लेकरू हाय ते!"

 मी मागं वळले. हौसाकडं बोट केलं. "आणि ही?"

पाटलांनी हौसाकडं बघितलं. मला वाटतं, पहिल्यांदाच बघितलं.   मग काठी जमिनीवर आपटली आणि हेडमास्तरांना म्हणाले, "गुरुजी, तुमची साळा लय चढलीया." आणि गेले.

हेडमास्तर मला म्हणाले, "हे महागात पडेल."

"पडू दे," मी म्हटलं. "कोपरा तेवढा तुम्हीच फाडा गुरुजी. आमच्या हातानं नको."

कार्डं शेवटी हेडमास्तरांनीच लिहिली. ऑफिसचं दार लोटून घेतलं होतं, पण खिडकी उघडी होती आणि वर्गातून सगळ्यांना दिसत होतं. लिहून झाल्यावर त्यांनी घंगाळभर पाणी मागवलं आणि हात धुतले. कोपरापर्यंत चोळून धुतले. मग घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि परत आले. आमच्या लेकरांना इतक्या शनिवारी कधी कोणी साधं हात धुवा म्हटलं नव्हतं.

माझा शेरा आला. 'वर्गात शिस्त नाही. ग्रामस्थांशी सहकार्य नाही.' नोकरी राहिली, पण हंगामीच, आणि पाठोपाठ बदली. जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला, जिथं कोणी मागून जात नाही. बापाला कळवलं तेव्हा भीत होते. तो म्हणाला, "येवढंच? आमाला मीठ बंद केलतं." आणि हसला. बापाचं हसणं आणि हेडमास्तरांचं हसणं यात केवढा फरक असतो ते मला त्या दिवशी कळलं.

आता हौसाचं सांगते. इथं काही गोड सांगण्यासारखं नाही. पाटील येऊन गेले त्या दिवशी तिनं गोष्ट लिहिली. मामा वस्तीच्या टोकापासून दारापर्यंत रडत कसा आला, त्याची. आई कशी रडली, आणि कोण मेलं ते कोणालाच कसं माहीत नव्हतं, तेही लिहिलं. वर्गात मोठ्यानं वाचली आणि कोणी हसलं नाही. पण मी निघण्याआधी तिच्या हातात कोरं कार्ड ठेवलं आणि म्हटलं, मामाला लिही, बाळ कसं आहे ते. तिनं कार्ड घेतलं. एकेक कोपरा बोटानं चाचपला. मग ते माझ्या हातात परत दिलं. "न्हाई बाई," म्हणाली, "मला भ्या वाटतंया." दहा वर्षांच्या पोरीला आपल्याच अक्षराची भीती घातली होती त्या माणसानं. चौथी झाली आणि तिला शाळेतून काढलं. मी गेल्या दिवाळीत तिला भेटले. भांगलणीला, शेतातलं तण काढायला जाते. बोलते अजून तशीच झरझर. लिहीत नाही.

याची माफी नाही. ज्यांना ही किरकोळ गोष्ट वाटते, त्यांनी आपल्या पोरीच्या हातून शनिवारी शनिवारी परक्यांची मरणं लिहून घ्यावीत आणि मग मला सांगावं.

जतला मी आता रुळले. उजाड मुलूख. पाण्याला लांब जावं लागतं. निम्मी पोरं घरात कानडी बोलतात, मेंढरांमागून थेट वर्गात येतात. पहिल्या दिवशी इथल्या मास्तरांनी मला वर्ग दाखवला. कोण पुढं बसायचं, कोण मागं, ते समजावलं. मी ऐकून घेतलं आणि सगळ्यांना गोल बसवलं. गोलात मागची जागाच नसते.

माझ्या वर्गात पहिल्या महिन्यात पत्र असतं. बाकी सगळं मागून. अर्ज सगळ्यांत शेवटी, आणि तोसुद्धा विनंतीचा नाही, तक्रारीचा. पहिलं पत्र आनंदाचं. शेळी व्याली, आंबा पाडाला आला, भाऊ झाला, काहीही, पण आनंदाचं आणि आपल्या माणसाला. पोर कार्ड घेऊन आलं की मी आधी कोपरे बघते. मग अक्षर. इथंही गेल्या वर्षी एक गावकरी कार्डांचा गठ्ठा घेऊन दारात उभा राहिला होता. इथल्या हेडमास्तरांनी माझ्याकडं बोट केलं होतं. मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, टाक त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, तुमचा माणूस गेलाय, तुम्ही सांगा काय लिहायचं आणि तुम्हीच लिहा, अडलं तर मी अक्षर सांगते. तो रागानं उठून गेला. जाऊ दे. माझी पुन्हा बदली होईल. होऊ दे. जिथं जाईन तिथं वर्ग असेल आणि वर्गात कोणीतरी हौसा असेल.

गुरुजी, तुम्ही अजून त्याच शाळेत आहात, हे मला माहीत आहे. फळ्यावर अजून रेघ ओढत असाल. ओढा. तुमच्या गावातली मरणं तुम्ही लिहा, नंतर अंघोळी करा. आमची पोरं ती लिहिणार नाहीत. ती दुसरं लिहितील. तुम्ही जिवंतपणी आमच्याशी काय केलंत, ते. गोष्टीत लिहितील, पत्रात लिहितील, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दात लिहितील. ती पत्रं तुमच्या दारात येतील, आणि बाहेर उभं राहून, वाचून, फाडून टाकता येणार नाहीत. कारण त्यांचे चारही कोपरे शाबूत असतील.